मद्रासचा उकाडा आणि १७ टक्के

या वीकेंडला एका आकड्याची गोष्ट. आकडा आहे १७ टक्के.

१९३१ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये दक्षिण भारतीय स्त्रियांच्या चयापचयावर एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघं. एक एलेनॉर मेसन, मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजातल्या. दुसरे फ्रान्सिस बेनेडिक्ट, बॉस्टनच्या कार्नेगी न्यूट्रिशन लॅबोरेटरीचे प्रमुख आणि त्या काळात या विषयातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी मोजलं काय, तर माणूस काहीही न करता नुसता शांत पडून असतो तेव्हा त्याचं शरीर किती ऊर्जा जाळतं. आणि निघालं काय, तर मद्रासच्या या तरुणींचं शरीर अमेरिकन मानकापेक्षा सरासरी सुमारे १७ टक्के कमी ऊर्जा जाळत होतं.

आता १७ टक्के म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. प्रॉडक्शनमधल्या सर्व्हरचा लोड असा अचानक १७ टक्क्यांनी कमी दिसला तर आपण आधी मॉनिटरिंगवर संशय घेतो, मग सर्व्हरवर, मग युजर्सवर. इथेही तसंच झालं. या आकड्याला तीन स्पष्टीकरणं पुढे आली. पहिलं, उकाडा: गरम हवेत शरीराला ऊब निर्माण करायची गरजच कमी, म्हणून भट्टी मंद. दुसरं, वंश: ही माणसंच वेगळी. तिसरं, पोट: शरीरात स्नायू कमी आहेत, खाणं वर्षानुवर्षं अपुरं आहे, म्हणून शरीर काटकसर करतंय.

नीट बघा, तिन्हीचा परिणाम किती वेगळा आहे. पहिलं किंवा दुसरं खरं असेल तर कुणालाच काही करायची गरज नाही, आकडा नॉर्मल आहे. तिसरं खरं असेल तर तोच आकडा म्हणजे उपासमारीचा पुरावा. आणि गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की यंत्रावर तिन्ही वेळा एकच रीडिंग दिसणार. पुढची साठ-सत्तर वर्षं हा वाद चालला, आणि त्याचा एक महत्त्वाचा अंक आपल्या पुण्यात झाला.

मोजतात कसं?

या मापाला बेसल मेटाबॉलिक रेट म्हणतात, थोडक्यात बीएमआर. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं, श्वास वगैरे चालू ठेवायचा किमान खर्च. आपल्या भाषेत सांगायचं तर आयडल मशीनचा वीजवापर. मोजायच्या अटी कडक असतात: रात्रीचं जेवण होऊन किमान बारा तास झालेले, सकाळची वेळ, माणूस जागा पण निवांत पडलेला, खोली ना गार ना गरम. मग एका बंद यंत्रातून श्वास घ्यायला लावायचा आणि मिनिटाला किती ऑक्सिजन कमी होतो ते बघायचं. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ४.८ किलोकॅलरी ऊर्जा निघते. झाला हिशोब.

ऐकायला सोपं आहे. पण 'खोली ना गार ना गरम' ही अट मे महिन्यातल्या मद्रासमध्ये पाळून दाखवा!

उकाडा इथे दोन ठिकाणी शिरतो, यंत्रात आणि माणसात. यंत्राचं आधी बघू. वायू तापला की फुगतो, आणि दमट हवेत पाण्याची वाफ जागा अडवते. त्यामुळे '१ लिटर' ही गोष्टच हवामानावर अवलंबून असते. हवा पूर्ण दमट धरली तर २० अंश सेल्सियसला मोजलेला १ लिटर वायू म्हणजे प्रमाण स्थितीतला (शून्य अंश, कोरडा) सुमारे ०.९१ लिटर. ३५ अंशांना तोच १ लिटर म्हणजे सुमारे ०.८४ लिटर. फरक आठ टक्क्यांचा. म्हणजे ही दुरुस्ती विसरलात तर बॉस्टनच्या तुलनेत मद्रासचं माप आठ टक्के जास्त दिसणार. बेनेडिक्टसारखी माणसं हे विसरत नसत. यंत्र तपासायला ठरावीक वजनाचं अल्कोहोल जाळून हिशोब जुळतो का ते बघायचं, ही त्यांची शाळा. मुद्दा एवढाच, की १७ टक्क्यांच्या फरकाबद्दल बोलताना नुसतं थर्मामीटर नीट न वाचण्याची किंमत आठ टक्के असू शकते.

आता माणसातला उकाडा. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की चयापचय साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे तापाच्या रुग्णांवरून माहीत होतं. म्हणजे खोली फारच तापली तर बीएमआर उलट वाढायला हवा. दुसरीकडे, महिनोन्महिने उकाड्यात राहिल्यावर शरीर जुळवून घेतं आणि चयापचय थोडा उतरतो, असंही दिसत होतं. त्यात स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर: पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी वर जातं आणि बीएमआरही किंचित वाढतो. म्हणजे एकाच बाईला एकाच खोलीत पंधरा दिवसांच्या अंतराने मोजलं तरी आकडा हलणार. ज्यांना ए/बी टेस्टिंगचा अनुभव आहे त्यांना आता डोकेदुखीचा अंदाज आला असेल.

आणि मानक कुणाचं?

१७ टक्के कमी म्हणजे कशापेक्षा कमी? १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट (हो, तेच बेनेडिक्ट) यांनी एक सूत्र प्रसिद्ध केलं. वजन, उंची आणि वय घाला, अपेक्षित बीएमआर मिळवा. आजही कित्येक जिमच्या वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हेच सूत्र बसलेलं असतं. ते तयार झालं १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांवर, सगळे अमेरिकेतले.

४५ किलो वजन, १५० सेंटिमीटर उंची, वय २२ अशी एक मुलगी घेऊ. सूत्र म्हणतं, हिचा बीएमआर दिवसाला सुमारे १२६० किलोकॅलरी हवा. त्यातून १७ टक्के वजा केले तर उरतात साधारण १०४५. मिनिटाच्या ऑक्सिजनमध्ये बोलायचं तर १८० मिलिलिटरऐवजी १५०. म्हणजे सगळा वाद चाललाय तो मिनिटाला ३० मिलिलिटरवर, औषधाच्या दोन मोठ्या चमच्यांइतक्या वायूवर.

उष्ण प्रदेशात मोजणारे मेसनबाई काही पहिल्या नव्हत्या. बटाव्हियात (आजचं जकार्ता) डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांनी १८९६ मध्येच युरोपीय आणि स्थानिक मलय लोकांचं माप घेतलं होतं. बेरीबेरीवरच्या कामासाठी पुढे १९२९ मध्ये नोबेल मिळालेले आइकमान ते हेच. त्यांना दोन्ही गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही. त्यानंतर ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला ओझोरिओ द आल्मेदा यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मोजलं, तर त्यांना उष्ण प्रदेशातल्या लोकांचा दर कमी आढळला. आणि १९२८ मध्ये बेनेडिक्टच्याच प्रयोगशाळेच्या कामातून मेक्सिकोच्या युकातानमधल्या माया लोकांचे आकडे आले. हवा चांगलीच गरम, पण बीएमआर अमेरिकन मानकापेक्षा जास्त!

म्हणजे उकाडा हे एकच कारण असेल तर माया लोकांचं काय करायचं? बेनेडिक्ट यांचा कल मग वंशाकडे झुकला. त्या काळाला ते साजेसंच होतं.

मेसनबाईंचं मला विशेष वाटतं ते यानंतरचं काम. त्यांनी एका आकड्यावर थांबून तर्क लढवले नाहीत, एकेक शक्यता वेगळी काढून तपासायला घेतली. कुणी म्हणालं असतं की भारतीय मुली यंत्राखाली चक्क पेंगत असतील, म्हणून आकडा कमी. तर १९३४ साली त्यांनी आणि बेनेडिक्टनी दक्षिण भारतीय स्त्रियांच्याच मापांवरून झोपेचा बीएमआरवर काय परिणाम होतो यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच वर्षी मेसनबाईंचा आणखी एक निबंध आला: दक्षिण भारतात राहणाऱ्या युरोपीय स्त्रिया, आणि हवामान बदलल्यावर युरोपीय व दक्षिण भारतीय स्त्रियांच्या मापात पडणारा फरक. माणूस तोच, फक्त हवा वेगळी. याहून चांगला कंट्रोल १९३४ मध्ये कुठून आणणार? उत्तर मात्र सरळ रेषेत आलं नाही. काहींचा दर गरम हवेत उतरला, काहींचा फारसा हललाच नाही.

आपल्या मुंबईतही हे काम झालं. नियोगी, पटवर्धन आणि मॉर्डेकाय यांनी १९३९ मध्ये मुंबईतल्या बीएमआरवर अभ्यास प्रसिद्ध केला. आणि १९६४ साली पुन्हा मेसनबाई दिसतात, या वेळी दोन सहकाऱ्यांबरोबर, मुंबईतल्या भारतीय आणि युरोपीय स्त्रियांचा अभ्यास घेऊन. पहिल्या निबंधाला तेहतीस वर्षं झाली होती! पण या वेळी शीर्षकात बीएमआरच्या जोडीला आणखी एक शब्द आहे: शरीररचना. या बाईच्या ४५ किलोंत स्नायू किती, चरबी किती, हा प्रश्न आता थेट टेबलावर आला होता.

मिनेसोटाची नोंद

मधल्या काळात तिसऱ्या स्पष्टीकरणाला, म्हणजे पोटाला, एक भक्कम आधार मिळाला होता. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. बीएमआर मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. थोडी घट शरीर लहान झाल्यामुळे, बाकीची उरलेल्या पेशींनीही खर्च आवरता घेतल्यामुळे. वंश तोच, देश तोच. बदललं होतं फक्त ताट.

म्हणजे कमी बीएमआर हे भुकेचं लक्षण असू शकतं, हे आता सिद्ध होतं. तरी धोरण ठरवणाऱ्यांनी उचलला तो उकाडाच.

दोन पोळ्यांची वजाबाकी

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ. कुठल्या देशाला किती अन्न लागतं हे ठरवण्यासाठी तिच्या तज्ज्ञ समितीने १९५७ च्या अहवालात एक आदर्श पुरुष आणि एक आदर्श स्त्री कल्पिली. स्त्री ५५ किलोची, वार्षिक सरासरी १० अंश सेल्सियस तापमानाच्या प्रदेशात राहणारी. तिची गरज दिवसाला २३०० किलोकॅलरी. आणि नियम असा, की वार्षिक सरासरी तापमान १० अंशांच्या वर जाईल तसे दर १० अंशांमागे ५ टक्के वजा करा.

मद्रासचं वार्षिक सरासरी तापमान साधारण २८ अंश. म्हणजे १८ अंश वर, म्हणजे ९ टक्के वजा. २३०० मधून २०० च्या वर किलोकॅलरी गेल्या. मध्यम आकाराच्या दोन पोळ्या. लहान शरीरासाठी, वयासाठी वजाबाकी वेगळी होतीच, ही निव्वळ हवामानाची.

यात कुणी खलनायक नव्हता. समितीतली माणसं प्रामाणिक होती, समोर होता तो डेटा वापरत होती. पण कोडमध्ये एक सुधारणा-गुणांक घातला की तो कुठून आला हे काही वर्षांनी कुणी विचारत नाही, तसं हे. गरम देशातल्या बाईला कमी लागतं, असं सूत्रातच लिहिलं गेलं. आणि कमी लागतं म्हटलं की तिला मिळणारं कमी अन्न हे 'कमी' दिसतच नाही. उपाशी माणसांची मोजणी करताना ती रेषेच्या वर सरकते.

पुढच्या समितीने (बैठक १९७१, अहवाल १९७३) हवामानाची ही वजाबाकी काढून टाकली. तापमानावरून गरज नेमकी किती बदलते हे आकड्यात मांडायला पुरेसा आधार नाही, असं तिचं मत पडलं. म्हणजे दोन पोळ्या परत ताटात आल्या, निदान कागदावर.

पुण्यातला अंक

याच सुमारास पुण्यात वेगळाच वाद पेटत होता. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास मांडला. दारिद्र्यरेषेला आधार होता माणशी रोज २२५० किलोकॅलरींचा. त्याला आव्हान दिलं पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून दोन दशकं एफएओच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, मग पुण्यात स्थायिक झाले.

सुखात्म्यांचं म्हणणं असं: गरज हा स्थिर आकडा नाही. एकाच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर आपला खर्च एका मर्यादेत स्वतःच जुळवून घेतं. मग सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी कसा म्हणता? रेषा सरासरीवर न ठेवता दोन प्रमाण विचलनं खाली ठेवा. संख्याशास्त्र म्हणून यात तथ्य होतं. सरासरीवर रेषा मारली की निरोगी माणसांतलेही निम्मे खाली येणार, हे बारावीच्या मुलालाही कळेल.

पण याच विचाराला धरून १९८० च्या सुमारास डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' ही कल्पना मांडली. त्यावर भारतातल्या पोषणशास्त्राचे भीष्माचार्य डॉ. सी. गोपालन तुटून पडले. त्यांचा मुद्दा साधा होता: भुकेशी 'जुळवून घेतलेलं' शरीर म्हणजे निरोगी शरीर नव्हे. ते कमी काम करतं. वाढ खुंटलेल्या मुली पुढे कमी वजनाच्या बाळांना जन्म देतात. जुळवून घेण्याची किंमत कुणीतरी मोजतंच. दांडेकरही गप्प बसले नाहीत, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर हे युद्ध बरीच वर्षं चाललं.

मद्रासच्या १७ टक्क्यांशी याचा काय संबंध? सरळ आहे. प्रश्न तोच आहे. कमी खर्चात चालणारं शरीर दिसलं की त्याला 'सवय' म्हणायचं की 'नुकसान'? १९३१ मध्ये सवय हवेची होती, १९८० मध्ये ताटाची.

मग खरं कारण काय निघालं?

१९८५ मध्ये एफएओ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या अहवालाने माणसाची सगळीच ऊर्जेची गरज बीएमआरच्या पटीत मांडली. उदाहरणार्थ, हलकं काम करणारी स्त्री म्हणजे बीएमआरच्या १.५६ पट. म्हणजे ज्या आकड्यावर पन्नासहून जास्त वर्षं वाद चालला होता, तोच आता पाया झाला. यासाठी स्कोफील्डची नवी सूत्रं आली. डेटा मोठा, ७ हजारांच्या वर व्यक्ती. पण त्यातले जवळपास निम्मे इटालियन! उष्ण प्रदेशातले लोक मूठभर. १९९१ मध्ये हेन्री आणि रीस यांनी दाखवलं की ही सूत्रं उष्ण प्रदेशातल्या लोकांचा बीएमआर सरासरी सुमारे आठ टक्क्यांनी जास्त सांगतात. २००५ मध्ये हेन्री यांनी १०,५५२ मापांवरून नवी सूत्रं बांधली. त्यात तो इटालियन डेटा गाळला आणि उष्ण प्रदेशातली ४ हजारांच्या वर मापं घेतली.

१७ चे ८ झाले ते असे, निव्वळ बरं मानक वापरून. उरलेल्याचं काय? त्यासाठी बंगळुरूकडे बघावं लागतं. तिथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात प्रकाश शेट्टी, मारिओ सोअरेस आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न नेटाने तपासला. १९९८ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियातला डेटा शेजारी ठेवून आलेल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच सांगतं की बीएमआरवर वांशिक प्रभावाचा पुरावा नाही. शरीरात चरबी वगळून उरणारा भाग किती, हे लक्षात घेतलं की दोन देशांतला फरक विरघळतो. इंजिन लहान असेल तर पेट्रोल कमी लागणारच, त्यासाठी ड्रायव्हरची जात विचारायची गरज नाही.

उकाड्याचा वाटा शून्य नाही, पण तो छोटा आहे आणि माणसागणिक वेगळा. मेसनबाईंना १९३४ मध्ये जे विस्कळीत उत्तर मिळालं होतं, ते विस्कळीतपणच खरं होतं. तीन संशयितांपैकी वंश सुटला, उकाडा किरकोळ गुन्ह्यात सापडला आणि मोठा वाटा निघाला शरीररचनेचा. आता शरीर तसं का बनलं, तर तिथे पुन्हा ताट येतं.

आज हा प्रश्न कुठे आहे?

बीएमआर घरोघरी जाऊन मोजता येत नाही. १९८८ मध्ये जेम्स, फेरो-लुझी आणि वॉटरलो यांनी प्रौढांमधल्या दीर्घकालीन ऊर्जा-कमतरतेची व्याख्या केली. त्यात बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आणि बीएमआरच्या पटीतला ऊर्जाखर्च, दोन्ही होते. १९९२ मध्ये सोपेपणासाठी एकटा बीएमआय ठेवला गेला. रेषा १८.५ ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना हीच रेषा लावतात. २००५-०६ मध्ये तिच्या खाली होत्या सुमारे ३६ टक्के, २०१९-२१ मध्ये १८.७ टक्के. महाराष्ट्रात त्या वेळी २०.८ टक्के.

आणि इथे उकाडा मागच्या दाराने परत येतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी १८.५ ची रेषा येते ४१.६ किलोवर. समजा तिचं वजन ४२ किलो आहे, बीएमआय १८.७, म्हणजे 'ठीक'. मे महिन्यात दुपारपर्यंत शेतात निंदणी करून आली, वाटेत पाणी मिळालं नाही, आणि घामावाटे पाऊण लिटर पाणी गेलं. वजन ४१.२५, बीएमआय १८.३. झाली 'कुपोषित'. उलट जाड साडी न वजा करता काट्यावर उभी राहिली तर जेमतेम ४१ किलोची बाई 'ठीक' ठरते. रक्ताचंही तसंच. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पण उकाड्याची सवय होताना काही दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि तेच हिमोग्लोबिन कमी दिसू लागतं. शिवाय बोट टोचून रक्त घेतात त्या चाचणीच्या बारीक पट्ट्या दमट हवेत उघड्या राहिल्या की बिघडतात.

लाखोंच्या सरासरीत यातलं बरंच एकमेकांत जिरून जातं. पण रेषेजवळ उभ्या असलेल्या एकेका बाईसाठी जिरत नाही. कारण आशाताई किंवा अंगणवाडी सेविका सरासरीला पोषण आहार देत नसते, समोरच्या नावाला देते.

मग करायचं काय? नवीन काही नाही. सकाळी मोजा, सावलीत मोजा, आधी पाणी प्यायला द्या, कपडे दरवेळी सारखे असू द्या, काटा रोज ठरावीक वजनाने तपासा. शक्य असेल तर दंडाचा घेर टेपने घ्या, पाऊण लिटर घामाने तो फारसा बदलत नाही. आणि तापमानाची नोंद करा. फक्त नोंद. वजाबाकी नको.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे पटेल. कच्चं रीडिंग एका कॉलममध्ये, तापमान शेजारच्या कॉलममध्ये, आणि करेक्शन करायचंच असेल तर ते तिसऱ्या कॉलममध्ये, कुणी केलं आणि कशाच्या आधाराने केलं या नोंदीसकट. १९५७ मध्ये हे तिन्ही एकत्र कालवलं गेलं आणि दोन पोळ्या कुठे गेल्या ते शोधायला चौदा वर्षं लागली. मेसनबाईंनी आपले आकडे, परिस्थितीच्या नोंदी आणि तर्क वेगवेगळे ठेवले. म्हणून त्यांचे १७ टक्के पुढच्या पिढ्यांना पुन्हा उघडून बघता आले आणि त्यांचा नवा अर्थ लावता आला.

उन्हाळे आता आणखी कडक होत चाललेत, त्यामुळे हवामानानुसार दुरुस्ती करण्याची कल्पना पुन्हा कुणाला तरी सुचणार. सुचू दे. फक्त ती मांडणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: या गुणाकारानंतर किती बायका रेषेच्या वर सरकल्या, आणि त्यांच्या ताटात त्याने काही वाढलं का?

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी जरा हलकाफुलका विषय घेऊ :-) तोवर पाणी पीत राहा.